म्हादईच्या मुखाशी वाढणारे समुद्री गवत आणि त्याच्या जनुकांचा इतिहास

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळून कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. भीमगडच्या जंगलातून, देगावच्या परिसरातून निघणारी म्हादई पश्चिमेला घाट उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्रात शिरते. या मांडवीच्या खाडीत, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या चिखलावर, हॅलोफिला बेकारी नावाची बोटभर उंचीची वनस्पती पसरते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले टी. जी. जगताप आणि ए. जी. उंटवाले यांनी १९८१ मध्ये तिथल्या या गवताचा अभ्यास प्रसिद्ध केला. जागतिक पातळीवर ती आज असुरक्षित जातींच्या यादीत आहे. म्हादईच्या पाण्यावर आपल्याकडे इतकी वर्षे बोलले जात असताना त्या पाण्याच्या शेवटच्या टोकाला काय जगते, हेही आपल्याला ठाऊक असायला हवे.

समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, फुले येतात, बिया धरतात. दिसायला ते गवतासारखे असले तरी वंशावळीत ते भातापेक्षा अळूला जवळचे. दोघांचा गण एकच. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे तीन लाख जातींपैकी समुद्रात बुडून आयुष्य काढणाऱ्या जाती जेमतेम सत्तर भरतात. मांडवीतल्या हॅलोफिलाचे कूळ तर आपल्या ओळखीचे आहे. शाळेत चंचुपात्रात नरसाळ्याखाली जी वनस्पती ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे दाखवतात ती हायड्रिला याच कुळातली. आपल्या भागातल्या तळ्यांत आणि संथ पाण्यात हायड्रिला वाढते, तिची चुलत बहीण खाडीत. दोघींमध्ये काय बदलले, हाच या साऱ्या संशोधनाचा गाभा आहे.

प्रश्न जुना आहे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅग्नेस आर्बर यांनी १९२० मध्ये समुद्रात राहू पाहणाऱ्या वनस्पतीसाठी चार अटी मांडल्या: खारे पाणी सोसणे, पूर्ण बुडून वाढणे, लाटांपुढे टिकेल अशी पकड असणे आणि पाण्यातच परागण होणे. पण या अटी कोणत्या वंशाने, किती वेळा पूर्ण केल्या, हे बाह्य रूपावरून ठरवणे कठीण होते. लाटांत राहणाऱ्या बऱ्याच वनस्पतींची पाने फितीसारखी होतात, म्हणून एकमेकींशी दूरचे नाते असलेल्याही सारख्या दिसतात. १९९७ मध्ये डोनाल्ड लेस आणि सहकाऱ्यांनी हरितलवकातल्या एका जनुकाची तुलना केली. त्यातून दिसले की समुद्रात जाण्याची घटना एकदाच घडलेली नाही. किमान तीन वेगवेगळ्या वंशांनी ती वाट स्वतंत्रपणे धरली.

खरी खळबळ २०१६ ची. झोस्टेरा मरीना या उत्तर गोलार्धातल्या समुद्री गवताचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या साऱ्या जनुकीय माहितीचा संच, त्या वर्षी प्रसिद्ध झाला. नमुना फिनलंडच्या द्वीपसमूहातला होता आणि संशोधकांच्या गटाच्या अग्रभागी ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या जेनीन ओल्सेन होत्या. समुद्रात राहणाऱ्या सपुष्प वनस्पतीचा हा पहिला जीनोम. त्यात काय सापडले यापेक्षा काय सापडले नाही, याचीच चर्चा अधिक झाली. पर्णरंध्रे घडवणारी जनुके नव्हती. जमिनीवरच्या झाडाला ही रंध्रे हवा घ्यायला आणि बाष्प सोडायला लागतात. पाण्यात बुडालेल्या पानाला त्यांचा उपयोग नाही, वायूंची देवाणघेवाण थेट बाह्यत्वचेतून होते. कीटकांना बोलावणारी किंवा पळवणारी सुगंधी द्रव्ये बनवणारी जनुके गेलेली. अतिनील किरण ओळखणारे प्रथिन गेलेले. इथिलीन बनवण्याची आणि त्याचा संदेश वाचण्याची यंत्रणाही गेलेली.

इथिलीनपाशी थोडे थांबायला हवे, कारण आपल्या भातशेतीशी त्याचा संबंध आहे. केळी पिकवणारा हाच वायू. भाताचे रोप पुरात बुडाले की हा वायू बाहेर पडू शकत नाही, आतच साठतो, आणि त्यावरून रोपाला आपण बुडालो हे कळते. ओडिशातल्या एका जुन्या वाणात सापडलेले सब-१-ए हे जनुक या संकेतावरच चालते. ते रोपाची वाढ रोखते, साठा वाचवते आणि पाणी ओसरल्यावर रोप पुन्हा उभे राहते. हे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले आणि त्यातून पूर सोसणारे भाताचे वाण आले. भाताला बुडणे हे संकट आहे, म्हणून त्याला इशारा हवा. झोस्टेराला बुडूनच राहायचे आहे, तिला या इशाऱ्याचा काही उपयोग उरला नाही.

गमावण्याच्या यादीबरोबर एक कमाईही होती. सल्फेटयुक्त शर्करा जमिनीवरच्या वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत नसतात. त्या समुद्री शेवाळांत असतात, ज्यांपासून घरोघरी वापरला जाणारा चायना ग्रास बनतो. झोस्टेराच्या पेशीभित्तिकेत त्या पुन्हा आल्या आहेत. ओहोटीत पान उघडे पडले की पाणी आणि क्षार धरून ठेवायला त्यांची मदत होते, असे मानले जाते. पूर्वजांनी जमिनीवर येताना सोडलेली गोष्ट कोट्यवधी वर्षांनी नव्या मार्गाने पुन्हा मिळवणे, हा मला या जीनोममधला सर्वांत थक्क करणारा भाग वाटतो.

जनुके गमावली म्हणून या वनस्पती समुद्रात गेल्या, असा समज त्यानंतर रूढ होऊ लागला. २०२४ मध्ये तो दुरुस्त झाला. भूमध्य समुद्रातली पॉसिडोनिया आणि सायमोडोसिया, कॅरिबियनमधली थॅलेसिया, शिवाय झोस्टेरा, अशा तिन्ही वंशांतल्या जातींचे जीनोम शेजारी ठेवले गेले. सोबत झोस्टेराच्या नात्यातली, गोड्या पाण्यातली पोटॅमोजेटॉनही होती. साऱ्या समुद्री गवतांमध्ये एका प्राचीन घटनेची खूण मिळाली: पूर्वजाचा संपूर्ण जीनोम एकदा तिप्पट झाला होता. एका जनुकाच्या अनेक प्रती हाताशी आल्या की काहींना नवे काम देता येते. या अभ्यासाचा निष्कर्ष असा की पर्णरंध्रे, सुगंध आणि काष्ठद्रव्य यांच्याशी संबंधित जनुकांचा ऱ्हास हा समुद्रात जाण्याचे कारण नसून बहुधा त्याचा परिणाम आहे. गोड्या पाण्यात बुडून राहणाऱ्या वनस्पतीला खाऱ्या पाण्यात बुडून राहायला क्षार, पेशीतला दाब, प्रकाश, कार्बन आणि तापमान या साऱ्यांशी निगडित यंत्रणा एकाच वेळी थोड्या थोड्या बदलाव्या लागल्या. इतके सारे एकदम जुळून येणे दुर्मीळ, म्हणून ही वाट इतक्या कमी वंशांना सापडली.

आपल्या जिल्ह्यात या निष्कर्षाला वजन आहे. अथणी, रायबाग, चिकोडी पट्ट्यात कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनी जास्त पाण्याने क्षारपड झाल्या. समुद्री गवतातले एखादे जनुक उचलून पिकात घातले की क्षार सोसणारे वाण तयार होईल, अशी आशा अधूनमधून ऐकू येते. सोडियम पेशीबाहेर टाकणारे पंप पिकांतही असतात. झोस्टेरात ते बाकीच्या सगळ्या बदलांच्या साथीने चालतात. पुराच्या बाबतीत एका जनुकाने भाताला वाचवले, म्हणून मिठाच्या बाबतीतही तसेच होईल असे धरून चालू नये. क्षारपड जमिनीला आधी पाण्याचा निचरा हवा.

मांडवीच्या खाडीत पावसाळ्यात पाणी जवळपास गोडे होते आणि उन्हाळ्यात समुद्राइतके खारे. हॅलोफिला बेकारी हे दोन्ही सोसते, आणि समुद्री गवतांमध्ये हे वेगळेपण आहे. वरून येणाऱ्या गोड्या पाण्याचे प्रमाण आणि वेळ बदलली तर तिची ही सोसण्याची ताकद कुठपर्यंत पुरेल, हे मोजायला हवे. म्हादईच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात चाललेला तंटा सोडवायला नेमलेल्या म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. पिण्याच्या पाण्याची गरज खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. म्हादईचे पाणी मलप्रभेकडे वळवणाऱ्या कळसा-बंडुरी प्रकल्पाच्या कामांचा परिणाम तपासताना जंगल आणि वाघ यांच्या बरोबरीने खाडीतल्या क्षाराचीही वर्षभर नोंद ठेवावी, एवढी मागणी खानापूरकरांनीच पुढे येऊन करायला हरकत नाही.