मसाला-फरसाण युनिटमध्ये स्वच्छतेचे नियम: कोणाला लागू, कागद कोणते, पाळून कसे घ्यायचे

अन्न परवाना फ्रेम करून भिंतीवर टांगला की झालं, असं मानणारे मालक नेहमी भेटतात. परवाना मिळतो कागदांवर, टिकतो मात्र आतल्या माणसांच्या हातांवर.

हे नियम अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालच्या 2011 च्या परवाना व नोंदणी विनियमांतल्या अनुसूची 4 मध्ये आहेत. नोंदणीवर चालणाऱ्या छोट्या उद्योगाला, म्हणजे बहुतेक बचत गटांना, तिचा भाग 1 लागू होतो. परवानाधारक कारखान्याला भाग 2. कापलेली नखं, साबणाने हात धुणं, डोक्यावर टोपी, झाकलेली जखम आणि आत खाणं, थुंकणं, तंबाखू बंद, हे दोघांनाही चुकत नाही. परवानाधारकाला शिवाय दरवर्षी कामगारांची वैद्यकीय तपासणी, लसीकरण आणि त्यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात.

अर्ज फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करायचा. परवान्यासाठी फॉर्म बी, जागेचा नकाशा, जागेच्या ताब्याचा पुरावा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल आणि अन्न सुरक्षा व्यवस्थापन आराखडा तयार ठेवा. हे कागद एकदा जमवले की झालं. खरी मेहनत पुढच्या फाइलची.

त्या फाइलमध्ये पहिलं येतं प्रत्येक कामगाराचं आरोग्य प्रमाणपत्र. नोंदणीकृत डॉक्टरने शारीरिक तपासणी करायची, डोळे आणि त्वचा पाहायची, टायफॉइडसारख्या आतड्याच्या आजारांची लस घेतली आहे का ते बघायचं आणि संशय आला तर पुढची चाचणी सांगायची. एका युनिटमध्ये मी पंधरा प्रमाणपत्रं एकाच तारखेची, एकाच शाईतली पाहिली. एकाही बाईला डॉक्टरने पाहिलं नव्हतं. कृपा करून असं करू नका. टायफॉइडचे जंतू बाळगणारा माणूस धडधाकट दिसू शकतो. प्रमाणपत्रांसोबत फोस्टॅक या अन्न सुरक्षेच्या सरकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लावा. दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक लागतो.

आता सगळ्यात अवघड भाग. जुलाब, उलट्या, कावीळ, ताप, पिकलेली जखम, कान-डोळा-नाकातून स्राव, यांपैकी काहीही असेल तर कामगाराने सांगायचं आणि पदार्थापासून दूर राहायचं, असा नियम आहे. पण रोजंदारीवरची बाई सांगेल का? सांगितलं की त्या दिवसाचा पगार गेला. ती गोळी घेऊन, पोट दाबून भाजणीचं पीठ मळत बसते. माझं स्पष्ट मत आहे की आजार सांगणाऱ्याचा रोज कापायचा नाही. तिला पॅकिंगच्या खोक्यांना लेबलं लावायला किंवा अंगणातल्या कामाला बसवा, अंगात ताकदच नसेल तर पगारी सुट्टी द्या. हे होत नाही तोवर आजारपणाचं रजिस्टर कोरंच राहणार.

बांगड्यांचंही तसंच. दागिने, घड्याळ, पिना आत चालत नाहीत. पण बांगड्या काढायला लावणं बायकांना जिव्हारी लागतं. ओरडण्याऐवजी शिफ्ट संपल्यावर कोणाच्या तरी बांगड्यांत वाळलेलं पीठ सगळ्यांना दाखवा, आणि दाराशी प्रत्येकीच्या नावाची कुलूपबंद डबी ठेवा.

पाहुण्यांना शक्यतो आत न्यायचंच नाही, असं अनुसूची सांगते. न्यावंच लागलं तर टोपी, कोट, पायात आवरण आणि हात धुणं, कामगारांना जे नियम तेच त्यांना. दारावर रजिस्टर ठेवा: नाव, वेळ, कुठून आला, ताप-जुलाब आहेत का, सही. मिक्सरचा मेकॅनिक, घाऊक व्यापारी, वर्गणीवाले, मालकाचे मेहुणे, कोणालाही सूट नाही. मालक स्वतः बिनटोपीचा शिरला की त्या दिवसापासून कोणी कोणाचं ऐकत नाही. म्हणून दारावरच्या बाईला मालकालाही अडवायचा अधिकार लेखी द्या.

अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत त्रुटी निघाल्या तर कायद्याच्या कलम 32 खाली सुधारणा नोटीस येते, मुदत किमान 14 दिवसांची. दुरुस्ती केली नाही तर परवाना निलंबित होतो, पुढे रद्दही होऊ शकतो. अस्वच्छ परिस्थितीत उत्पादन केल्यास कलम 56 नुसार 1 लाखापर्यंत दंड आहे. नोटीस अन्यायाची वाटली तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येतं. त्यासाठी 15 दिवस किंवा नोटिशीतली मुदत, यांतलं जे आधी संपेल तेवढाच वेळ. म्हणून नोटीस हातात पडली त्याच दिवशी तिच्यावर तारीख टाकून पोच ठेवा.