खुलासा : अमेरिकी पायदळ लाओसात गेलंच नव्हतं?

व्हिएतनाम युद्धात अमेरिकी पायदळाने लाओसात पाऊलही ठेवलं नाही, असं आजही ठासून सांगितलं जातं. लाओस कागदोपत्री तटस्थ, म्हणून ही समजूत टिकली.

प्रत्यक्षात १९६९ च्या 'ड्युई कॅन्यन' मोहिमेत कर्नल रॉबर्ट बॅरो यांची नववी मरीन रेजिमेंट (मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाची पायदळ तुकडी) दक्षिण व्हिएतनाममध्ये, लाओस सीमेलगतच्या दा क्रोंगच्या दुर्गम खोऱ्यात आणि आ शाऊ खोऱ्याच्या उत्तर टोकाकडे लढत होती. समोरून उत्तर व्हिएतनामी १२२ मिमी तोफांचा मारा, आणि शत्रूची रसद चाललेली सीमेपलीकडच्या, लाओसातल्या ९२२ क्रमांकाच्या रस्त्यावरून. फेब्रुवारीत बॅरोंनी एक कंपनी रात्रीच सीमेपार धाडली. रस्त्याकडेला दबा धरून तिने ट्रकचा ताफा उडवला. वरिष्ठांची मंजुरी? तीही मिळाली, पण मागाहून! बॅरोंचं काही बिघडलं नाही. १९७९ मध्ये ते मरीन कोअरचे प्रमुख झाले.