हताशा शिकावी लागत नाही

जून उजाडता उजाडता एका संध्याकाळी वादळ आलं आणि तापीकाठची, आमच्या चोपडा तालुक्यातली केळीची बाग अर्ध्या तासात आडवी झाली. मागच्या मृगातली लावण होती. घड भरलेले, कापणीला जेमतेम तीन आठवडे उरलेले. पंचनामा झाला, फोटो काढून झाले, आणि त्यानंतर जिभाऊने वावरात जाणंच सोडलं.

जिभाऊ म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा मुलगा. रात्री दोनला लाईट आली तरी मोटर सुरू करायला निघणारा माणूस. आता तो ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचा. मी विचारलं तर एवढंच म्हणाला, "काममा मनच लागत नही, भो." येणारा-जाणारा हिंमत देऊन जाई. 'मर्दासारखा उठ' असंही एक जण म्हणाला. ते ऐकून तो आणखीच मिटला, हे मी समोर बसून पाहिलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हा माणूस आळशी झालेला नाही हे मला ठाऊक होतं, पण मग नेमकं काय झालंय, हे मी त्या पावसाळ्यात शोधत राहिलो.

या अवस्थेवरचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९६७ सालचा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर हे दोन तरुण संशोधक कुत्र्यांवर काम करत होते. एका गटातल्या कुत्र्यांना विजेचा झटका बसे, पण डोक्याने फळी दाबली की तो थांबे. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, तेवढाच वेळ; मात्र त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. नंतर दोन्ही गटांना अशा खोक्यात ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातले कुत्रे उडी मारून मोकळे झाले. दुसऱ्या गटातले सुमारे दोन तृतीयांश तिथेच पडून झटके सोसत राहिले. असे प्रयोग आज कोणी करू नयेत असं मला मनापासून वाटतं. पण त्या मुक्या जिवांनी सोसून जे दाखवून दिलं, ते वाया जाऊ देऊ नये.

या प्रकाराला 'शिकलेली असहायता' असं नाव पडलं. आपल्या करण्याने काही होत नाही हे कुत्रे शिकले, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि जवळजवळ पन्नास वर्षं तोच शिकवला गेला.

मग २०१६ मध्ये त्याच दोघांनी लिहिलं, की आमचा अर्थ उलटा होता.

मधल्या काळात मायर मेंदूच्या अभ्यासाकडे वळले होते. मेंदूच्या देठात, खूप खोलवर, 'डॉर्सल रॅफे' नावाचा पेशींचा एक पुंजका असतो. संकट लांबत गेलं की तो सेरोटोनिन नावाचं रसायन सोडत राहतो आणि प्राणी धडपड थांबवून निपचित होतो. हे आपोआप घडतं; ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते वेगळंच, 'माझ्या हाताने फरक पडतो' हे. ते ओळखतो कपाळामागचा, मेंदूचा पुढचा भाग. ओळख पटली की तोच खालच्या त्या पुंजक्याला वेसण घालतो. उंदरांमध्ये हा पुढचा भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तेव्हा चाक फिरवून झटका थांबवू शकणारे उंदीरसुद्धा असहाय उंदरांसारखेच वागले.

हे वाचलं त्या रात्री मला जिभाऊचा ओटा वेगळा दिसला. तो काही चुकीचं शिकला नव्हता, कमकुवतही नव्हता. त्याच्या मेंदूने जन्मजात काम केलं होतं. वादळ थांबवणं खरोखरच त्याच्या हातात नव्हतं, केळीचा भाव नाही, विम्याची तारीखही नाही. वेसण घालणाऱ्या भागाला पुरावा हवा असतो, आणि उपदेश हा पुरावा नव्हे. हाताने काही केलं, त्याचा परिणाम डोळ्यांनी दिसला, तरच तो भाग जागा होतो.

कापणीच्या तोंडावर आलेलं वादळ लावणीनंतर आलेल्या वादळापेक्षा खोल का लागतं, यावरही थोडं सांगायला हवं. स्वित्झर्लंडमध्ये मेंदूचे अभ्यासक वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना खुणेनंतर फळाच्या रसाचा थेंब द्यायची सवय लावली आणि मेंदूतल्या, डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींची चाल टिपली. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की त्या जोरात चालत. अपेक्षेइतकं मिळालं तर नेहमीसारख्या. ठरल्या क्षणी थेंब आलाच नाही, तर त्यांची चाल नेहमीपेक्षाही खाली जाई. रसाच्या थेंबावरून वर्षभराच्या कष्टाचा हिशोब थेट मांडता येत नाही, हे मान्य. पण जिभाऊने मनात तो माल कधीच विकला होता. सोसायटीचं कर्ज फेडून, पोरीची फी भरून झाली होती.

त्या कुत्र्यांना बाहेर कसं काढलं? खाण्याची लालूच दाखवली, हाका मारल्या. उपयोग झाला नाही. शेवटी गळ्यात पट्टा बांधून त्यांना अडसरापलीकडे ओढून नेलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हळूहळू ओढायला जोर कमी लागू लागला आणि मग ते स्वतःच उडी मारू लागले.

वहिनींनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्या एका सकाळी विळा घेऊन जिभाऊसमोर उभ्या राहिल्या. बाग राहू द्या, म्हणाल्या, पहिली ओळ तेवढी बघा. कोणतं पील ठेवायचं, माले समजत नही. समजत त्यांना पुरेपूर होतं. केळीचं झाड एकदाच घड देतं, पण खोड मोडलं तरी जमिनीतला कंद जिवंत असतो आणि भोवती पिलं फुटलेली असतात. त्यातलं जोमदार एक ठेवायचं, बाकीची छाटायची. एका ओळीचं काम तासाभराचं. मागे वळून पाहिलं की ओळ साफ दिसते. दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ झाली. तिसऱ्या दिवशी तो गेला नाही, चौथ्या दिवशी गेला.

आधी मन लागू दे, मग काम करू, हा क्रम आपण सगळेच धरून बसतो. उलटा क्रम उपचार म्हणूनही तपासला गेला आहे, आणि आपल्या शेजारीच, गोव्यात. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी डॉक्टर नसलेल्या सामान्य माणसांना तयार केलं. सहा ते आठ भेटी. त्यांत मुख्य भर एकच: सुटलेली छोटी छोटी कामं ठरवून पुन्हा सुरू करायची. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. फक्त नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

पण केळीत परिणाम दिसायला वर्ष लागतं, मेंदू तेवढा थांबत नाही. हार्वर्डच्या टेरेसा अमाबिले यांनी ७ कंपन्यांतल्या २३८ जणांच्या रोजच्या सुमारे १२,००० नोंदी वाचल्या. लोकांच्या चांगल्या गेलेल्या दिवसांत सर्वांत जास्त आढळली ती एकच गोष्ट: आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामात थोडं पुढे सरकणं. जळगावच्या चटई कारखान्यातल्या पोरालाही हे लागू आहे. आज आपल्या हातून काय उतरलं, हे त्याला संध्याकाळी कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. सांगायला खर्च काहीच नाही.

जिभाऊला पुढे सरकणं दाखवलं केळीनेच. उन्हा-पावसात आठवड्या-दहा दिवसाला एक नवं पान सुटतं. मी त्याला पहिल्या ओळीतल्या दहा झाडांची पानं मोजायला सांगितली. त्याने मोटरघराच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला सुरुवात केली.

एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती राहून गेली तर चालणार नाही. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, मरणाचे विचार येतात, अशी अवस्था असेल तर ओळ आणि पानं पुरेशी नाहीत. डॉक्टर गाठायचा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी 'टेली मानस' फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. घरातल्याने लावून दिला तरी चालतो.

डिसेंबरात मी गावी गेलो तेव्हा भिंतीवरच्या रेघा थांबल्या होत्या. माझ्या पोटात गोळा आला. मी जपून विचारलं. जिभाऊने ठिबकची नळी हातातली खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शहरातून आलेला पाहुणा आहे.

"थंडी शे ना भो," तो म्हणाला. "थंडीमा पान थांबस."