बेळगाव, निपाणी आणि पंचविसावं कलम

धर्मनिरपेक्षतेचा विषय निघाला की चर्चा घटनेच्या प्रास्ताविकेत हा शब्द घालणाऱ्या 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपाशी सुरू होते आणि बहुधा तिथंच अडकते. बेळगावकरांनी तरी ती आणखी मागं न्यायला हवी.

डिसेंबर 1924 मध्ये बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष, हे पद त्यांनी आयुष्यात एकदाच घेतलं. कोहाटच्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर दिल्लीत केलेला 21 दिवसांचा उपवास सुटून तीन महिनेही झाले नव्हते. त्यामुळे हिंदू-मुस्लिम ऐक्य हा अध्यक्षीय भाषणाचा मोठा भाग होता.

पुढच्याच एप्रिलमध्ये, याच जिल्ह्यातल्या निपाणीत, मुंबई इलाख्यातली बहिष्कृत परिषद, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या समाजांची परिषद, भरली. तिथं डॉ. आंबेडकरांनी गांधीजींच्या सहानुभूतीचं मोल मान्य केलं. पण खादी आणि हिंदू-मुस्लिम ऐक्यावर गांधीजींचा जेवढा आग्रह, तेवढा अस्पृश्यता निवारणावर नाही, हेही सुनावलं.

म्हणजे दोन निराळे प्रश्न. धर्माधर्मांत बरोबरी कशी राहील, आणि एकाच धर्माच्या आत माणसामाणसांत बरोबरी कशी येईल? घटनेनं दोन्ही अंगावर घेतले. पंचविसावं कलम धर्म पाळायचं आणि त्याचा प्रचार करायचं स्वातंत्र्य देतं. त्याचंच दुसरं उपकलम हिंदूंची सार्वजनिक देवळं सर्व वर्गांना खुली करायचा कायदा करू देतं. सतराव्या कलमानं तर अस्पृश्यताच नष्ट केली. माझ्या मते आपल्या धर्मनिरपेक्षतेचं वेगळेपण या जोडीत आहे. सरकारनं धर्मापासून चार हात लांब राहायचं, एवढ्यापुरतं ते नाही.

संविधान सभेचे सदस्य के. टी. शहांनी नोव्हेंबर 1948 मध्ये घटनेत 'धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी' हे शब्द घालायची सूचना आणली. आंबेडकरांनी ती फेटाळली. त्यांचा रोख मुख्यतः 'समाजवादी'वर होता, हे आज सोयीनं विसरलं जातं. 1994 मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूलभूत चौकटीत, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या गाभ्यात, असल्याचं सांगितलं. ते बोम्मई म्हणजे कर्नाटकचेच माजी मुख्यमंत्री.

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं आणि इथला मराठी माणूस भाषिक अल्पसंख्य झाला. तिसावं कलम धर्म आणि भाषा दोन्हींच्या अल्पसंख्यांना शाळा काढायचा सारखाच हक्क देतं. मराठी संस्थेची शाळा आणि मिशनची शाळा एकाच कलमाच्या आधारानं उभी आहे, हे सीमाप्रश्नाच्या सभांत क्वचितच कुणी बोलतं.