कॉन्ट्रा: ऑपरेशन गलुगा

'कॉन्ट्रा' या १९८७ सालच्या जपानी व्हिडिओ गेमची नव्याने घडवलेली आवृत्ती. वेफॉरवर्ड या अमेरिकी कंपनीने ती तयार केली आणि मूळ गेमची मालक असलेल्या कोनामीने १२ मार्च २०२४ रोजी संगणक, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व निन्टेंडो स्विच यांसाठी ती प्रकाशित केली. गलुगा बेटांवर तळ ठोकून बसलेल्या रेड फाल्कन या शत्रूवर बिल रायझर आणि लान्स बीन हे दोन सैनिक चालून जातात, एवढेच मूळ कथानक. नव्या आवृत्तीत संवाद आणि जादा पात्रे घालून ते बरेच फुगवले आहे. खेळणाऱ्याचे काम मात्र तेच आहे: पळत राहायचे, उड्या मारायच्या आणि बंदूक थांबू द्यायची नाही.

मूळ खेळ नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रासाठी निघाला होता. जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतील मुलांना तो भेटला तो १९८८ च्या घरगुती आवृत्तीच्या नकलेतून. फॅमिकॉम या जपानी यंत्राची नक्कल असलेले स्वस्त संच घरच्या टीव्हीला जोडले जात आणि त्यांत खोचायच्या कार्ट्रिजला सगळे 'कॅसेट'च म्हणत. कॅसेटवर हजारो गेम असल्याचे छापलेले असे; आत मोजकेच गेम निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भरलेले असत. अशा कॅसेटींत कॉन्ट्राच्याही कधी तीस जीव देणाऱ्या, कधी मोठी बंदूक हातात देऊन सुरू होणाऱ्या नकला सापडत. खऱ्या खेळात तीनच जीव मिळत, आणि तीस हवे असल्यास सुरुवातीला वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए अशी बटणे दाबावी लागत. ही युक्ती कोनामीचे प्रोग्रॅमर काझुहिसा हाशिमोतो यांनी 'ग्रेडियस' या दुसऱ्या गेमच्या १९८६ मधील घरगुती आवृत्तीत प्रथम घातली होती.

खेळ मध्येच जतन करून ठेवण्याची सोय त्यात नव्हती, त्यामुळे भारनियमनाच्या वर्षांत वीज गेली की पाचव्या टप्प्यातील बर्फापर्यंत पोहोचलेली जोडी पुन्हा पहिल्या जंगलात येऊन पडे. भांडणाची खरी जागा मात्र तिसऱ्या टप्प्यातील धबधबा. तेथे पडदा वरच्या खेळाडूबरोबर सरकतो आणि जो खाली रेंगाळतो तो पडद्याबाहेर जाऊन मरतो. शिवाय आपले जीव संपले की जोडीदाराच्या शिलकीतला एक घेता येतो. 'जीव सरनात भो, एक दे' अशी अहिराणीत विनवणी करण्याआधीच तो घेतलेला असे.

या खेळाची चित्रे ठसठशीत चौकटींची होती, ती हौसेने नव्हे. पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. हलणाऱ्या आकृत्यांचे जास्तीत जास्त ६४ तुकडे दाखवता येत आणि एका आडव्या ओळीत केवळ आठ. 'एस' अक्षराच्या बंदुकीतून पाच गोळ्या पंख्यासारख्या सुटल्या आणि समोर शत्रूंची गर्दी असली की ही मर्यादा ओलांडली जाई, आणि आकृत्या लुकलुकू लागत. याच काटकसरीचा एक लाभही होता. पहिल्या टप्प्यातील काळ्या आकाशावर शत्रूची पांढरी गोळी लांबूनच दिसे, म्हणून एका गोळीत मरण येणे कठोर असले तरी अन्यायाचे वाटत नसे.

ऑपरेशन गलुगामध्ये ठिपक्यांची चित्रे नाहीत. त्रिमितीय आकृत्या बाजूने दाखवलेल्या सपाट मार्गावर धावतात. दुसरी उडी हवेतच मारता येते, झटक्यात पुढे निसटता येते, दोन शस्त्रे एकदम बाळगता येतात आणि हातचे शस्त्र कायमचे खर्ची घालून त्याचा एक विशेष परिणाम मिळवता येतो. जुन्या खेळात नसलेला हा सौदा नव्या आवृत्तीतील सर्वांत चांगली भर म्हणावी लागेल, कारण संकटात बंदूक राखावी की जाळावी हे खेळणाऱ्याला क्षणात ठरवावे लागते. कथेच्या खेळात दोघे, तर आर्केड प्रकारात चौघे एकत्र उतरू शकतात. जीवनपट्टी ठेवायची की एका गोळीत मरायचे, याचीही निवड दिली आहे. पट्टी घेतली तर खेळ सोपाच नव्हे, वेगळा होतो: गोळी चुकवण्यापेक्षा ती खाऊन पुढे घुसणे परवडू लागते. जुन्या खेळाडूंनी एका गोळीचा नियमच निवडावा. मात्र स्फोटांच्या आणि उजेडाच्या झगमगाटात येणारी गोळी तितकी स्वच्छ दिसत नाही, हे त्यांना लवकरच जाणवेल.

वेफॉरवर्ड हीच कंपनी २००७ मध्ये निन्टेंडो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी 'कॉन्ट्रा ४' ठिपक्यांच्या चित्रांत घडवून बसली होती, तेव्हा जुनी शैली तिला येत नव्हती असे नाही. मूळ रूपच हवे असणाऱ्यांसाठी कोनामीने २०१९ मध्ये 'कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन' काढले. त्यात नाण्याच्या यंत्रावरचा आणि घरगुती असे दोन्ही कॉन्ट्रा आहेत, आणि खेळ मध्येच जतन करून ठेवता येतो.