संमोहनाचा धोका नेमका कुठे?

मराठीत डॉक्टर शस्त्रक्रियेआधी भूल देतात आणि चकव्यात सापडलेल्या माणसालाही भूलच पडते. हे दोन अर्थ एकदा खरोखर एकत्र आले, बंगालमधल्या हुगळीत. ४ एप्रिल १८४५ रोजी जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने हायड्रोसीलच्या (अंडकोशात पाणी साचण्याच्या) वेदनेने कळवळणाऱ्या एका कैद्यावर मेस्मेरिझमचा, म्हणजे संमोहनाच्या जुन्या रूपाचा, पहिला प्रयोग केला. पुढच्या काही वर्षांत अशी भूल देऊन शेकडो शस्त्रक्रिया झाल्या. रुग्णाला अंधाऱ्या खोलीत निजवायचं आणि देशी मदतनीसांनी त्याच्या अंगावरून तासन् तास हात फिरवायचे, ही रीत. सरकारने १८४६ मध्ये कलकत्त्यात एस्डेलला प्रायोगिक रुग्णालयही दिलं. पण १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आलं. काही मिनिटांत भूल मिळू लागल्यावर तासन् तास कोण थांबणार?

सुरक्षिततेची शंका मात्र याहून जुनी. फ्रान्सच्या सोळाव्या लुईने १७८४ मध्ये मेस्मेरिझमचा जनक डॉक्टर मेस्मर याच्या उपचारांची चौकशी करायला नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते. मेस्मर सांगतो तसा 'प्राणिज चुंबकत्वा'चा द्रव अस्तित्वातच नाही, परिणाम घडतो तो कल्पनेने, असा त्यांचा निष्कर्ष. सोबत राजासाठी एक गुप्त अहवालही होता: उपचार करणारा पुरुष आणि रुग्ण स्त्री यांच्या जवळिकीतून गैरफायदा घेतला जाऊ शकतो. मला हा गुप्त कागदच अधिक महत्त्वाचा वाटतो. धोका तंद्रीत नसून ती लावणाऱ्याच्या हाती आलेल्या सत्तेत आहे, हे त्यात तेव्हाच ओळखलं होतं.

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्ये आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५८ मध्ये संमोहनाचा वैद्यकीय उपयोग मान्य केला. रंगमंचावरच्या खेळांना ब्रिटनने १९५२ मध्येच कायद्याने वेसण घातली होती.

खरी इजा दिसली ती स्मृतीच्या बाबतीत. संमोहनात माणूस सूचना चटकन उचलतो, रिकाम्या जागा कल्पनेने भरतो आणि मग ते घडलंच होतं अशी त्याची खात्री पटते. म्हणून कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये संमोहनातून 'जाग्या' केलेल्या आठवणींवरची साक्ष नाकारली. तरीही पुढच्या दशकात अमेरिकेत बालपणीच्या अत्याचाराच्या आठवणी अशाच उकरल्या गेल्या. त्यातल्या काही खोट्या निघाल्या, तोवर घरं मोडली होती.