सूर्य-चंद्र दिसले म्हणजे वीरगळ नव्हे

वर्षातून दोनदा माझा फोन तापतो. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो आणि १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह. (ही दोन वेगळी प्रकरणं आहेत हेही दरवेळी कुणाला तरी सांगावं लागतं, पण ते जाऊ दे.) ठाणे, कळवा, ऐरोली, बेलापूर, कुठे ना कुठे फेरी निघते, व्याख्यान होतं, फोटोंचं प्रदर्शन लागतं. या गोष्टी व्हायलाच हव्यात. मी स्वतः या फेऱ्यांत पाण्याच्या बाटल्या मोजण्यापासून दगडापुढे उभं राहून बोलण्यापर्यंत सगळी कामं केली आहेत.

गेल्या नोव्हेंबरात एका मंडळाचा फ्लेक्स पाहिला. वर लिहिलेलं, ‘अज्ञात वीरांना मानाचा मुजरा’. दोन्ही बाजूंना समया, खाली फुलं, आणि मधोमध चांगला चार फुटी गधेगळाचा फोटो. म्हणजे ज्या दगडावर आईवरून शिवी कोरली आहे त्याला मुजरा. फोन करून सांगितलं तर पलीकडचे दादा म्हणाले, “अहो, वर सूर्य-चंद्र आहेत की! वीरगळच तो.”

सूर्य-चंद्र आहेत, म्हणून वीरगळ. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

आधी वीरगळ, थोडक्यात. लढाईत, गुरं सोडवताना किंवा गावाचं रक्षण करताना जो पडला त्याचा हा स्मारकदगड. कन्नड ‘वीरकल्लु’वरून आलेला शब्द, कल्लु म्हणजे दगड. उभ्या शिळेवर तीन-चार चौकटी असतात आणि त्या खालून वर वाचायच्या. तळाशी लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर कलश, सूर्य, चंद्र. बोरिवलीजवळच्या एकसरला जाऊन आलात तर तळाच्या चौकटीत चक्क वल्ह्यांची जहाजं लढताना दिसतील. काही अभ्यासक ती लढाई कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातली मानतात, काही ते दगड त्याहून जुने ठरवतात. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षरं नसतात. तेव्हा फेरीत कुणी ‘हा अमुकतमुक सरदार’ असं ठासून सांगू लागलं की समजावं, गोष्ट रचली जातेय.

आता गधेगळ. हा मेलेल्या माणसाचा दगडच नाही. हा दस्तऐवज आहे.

राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने एखादं शेत, बाग, गाव किंवा त्याचं उत्पन्न देवळाला नाहीतर ब्राह्मणाला दिलं की त्याचं शासन लिहिलं जाई. शासन म्हणजे आज्ञापत्र, दानपत्र. ते तांब्याच्या पत्र्यावर लिहिलं तर ज्याला दान मिळालं त्याच्या घरी जपलं जाई. आपल्या ठाण्यातच १७८७ साली किल्ल्याचा पाया खणताना शिलाहार अरिकेसरीचे ताम्रपट सापडले, शके ९३९ चे, म्हणजे इसवी सन १०१७ चे. किल्ला कुठला म्हणाल तर आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तोच. पण ताम्रपट पेटीत राहतो, तो चारचौघांना दिसत नाही. शेताच्या बांधावर रोज दिसायला हवा तो दगड. त्यावर वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख आणि तळाशी गाढव आणि बाई. त्यांचं काय चाललंय ते सांगायला नको. हे दान जो मोडेल त्याच्या आईची अशी गत होवो, असा त्याचा अर्थ. कोकणातल्या शिलाहारांच्या काळात हे दगड भरपूर उभे राहिले आणि ती सत्ता गेल्यावरही ही रीत चालूच राहिली.

शिवी फक्त चित्रात असते असं नाही. परळला सापडलेला शिलाहार राजा दुसऱ्या अपरादित्याचा लेख शके ११०८ चा, म्हणजे इसवी सन ११८७ चा. षट्षष्टीतल्या, म्हणजे आपल्याच साष्टीतल्या, महवली गावच्या बागेचं उत्पन्न वैद्यनाथ देवाला दिल्याचं त्यात आहे. दानाचा तपशील संस्कृतात, पण धमकी द्यायची वेळ आली तशी भाषा बदलते: ‘अथ तु जो कोणु हुवि ए शासन लोपी तेया श्री वैद्यनाथ देवाची भाल सकुटुंबीआ पडें.’ जो कुणी हे शासन मोडील त्याच्यावर, त्याच्या कुटुंबकबिल्यासकट, वैद्यनाथाचा भाला पडो. त्यापुढे आईची आणि गाढवाची ओळ आहे, ती मी इथे लिहीत नाही. मराठी इतकी जुनी कोरलेली सापडते याचा आपल्याला अभिमान असतो. ती कशासाठी कोरली होती हे मात्र हळूच गिळलं जातं. ताम्रपटांत संस्कृत शाप असतो की दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. तो वाचता येणाऱ्यासाठी. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी गाढव.

एवढं कळलं तर घोटाळा व्हायला नको. तरी होतो, आणि तो माथ्यावरच्या त्या दोन आकृत्यांनीच होतो.

सूर्य आणि चंद्र दोन्ही दगडांवर असतात, सती गेलेल्या बाईच्या स्मारकदगडावर, म्हणजे सतीशिळेवरही असतात. ते दगडाची जात सांगत नाहीत, मुदत सांगतात. आचंद्रार्क, जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर. आता काय आचंद्रार्क, ते खाली बघायचं. वीरगळावर वीराची कीर्ती. गधेगळावर दान. सतीशिळेवर कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात असतो, तिथे सतीचं नाव. एकच शिक्का तीन वेगळ्या कागदांवर मारावा तसं आहे हे. शिक्का बघून कागद ओळखणारा कारकून तुम्ही पाहिलाय का? आपले फेरीवाले मात्र दर रविवारी तेच करतात. मान वर करून सूर्य-चंद्र शोधतात, सापडले की “वीरगळ!” म्हणून फोटो काढून पुढे.

तेव्हा पहिला नियम: मान खाली. दगड तळापासून बघा. अडचण अशी की नेमका तळच बघायला मिळत नाही. आठशे-हजार वर्षांत आजूबाजूची जमीन चढते. देवळाचा जीर्णोद्धार होतो, अंगणात लाद्या बसतात आणि दगड गुडघाभर गाडला जातो. गधेगळ असा गाडला गेला की गाढव आणि बाई मातीत जातात. वर उरतात सूर्य, चंद्र आणि झिजलेल्या चार ओळी. वीरगळ गाडला गेला की लढाई मातीत जाते आणि वर उरतं शिवलिंग, पूजा करणारा माणूस, फार तर अप्सरांची डोकी. म्हणजे तळ दिसत नसला तरी मधला भाग बोलतो. तिथे माणसं आणि चौकटी असतील तर वीरगळाकडे झुका. तिथे सपाट पाटी असेल, अक्षरं असतील किंवा अक्षरं झिजून उरलेल्या आडव्या रेघा असतील, तर तो दानाचा दगड असण्याची शक्यता मोठी. नक्की मात्र तळ बघूनच ठरतं. पण म्हणून दगडाभोवती खणायला बसू नका! फेरीत एक तरी उत्साही मुलगा काठीने माती उकरू लागतोच. त्या मातीचा प्रत्येक थर पुरावा असतो, आणि तो एकदाच वाचता येतो.

तळ उघडा असला तरी फसगत होते. झिजलेलं गाढव घोड्यासारखं दिसतं, आणि वीरगळावर घोडेस्वार असतातच. इथे जनावर बघू नका, माणूस कुठे आहे ते बघा. घोड्याच्या पाठीवर स्वार असतो, त्याच्या हातात भाला नाहीतर तलवार, समोर शत्रू. गधेगळावरच्या जनावराच्या पाठीवर कुणी नसतं. माणूस त्याच्या खाली असतो. एवढी एकच खूण लक्षात राहिली तरी फ्लेक्सवरचे निम्मे मुजरे वाचतील.

दुसरी फसगत शेंदराची. बाईची आकृती दिसली की कुणीतरी शेंदूर फासतं, हळदीकुंकू वाहतं आणि दोन पिढ्यांत तिथे देवी होते. मग गावकऱ्यांना तिचं नाव विचारून ते फलकावर लिहिलं जातं. गावकऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. दोष फलक रंगवणाऱ्यांचा, जे ‘देवीशिल्प, पांडवकालीन’ लिहून मोकळे होतात. पांडवकालीन! या शब्दावर दंड बसवला तर त्यातून एक वस्तुसंग्रहालय उभं राहील.

नावाबद्दल थोडंसं. गधेगळमधला ‘गळ’ वीरगळातलाच, म्हणजे दगड, असं बहुतेक मानतात. काही अभ्यासक ‘गद्धेगाळ’ लिहितात; गाळ म्हणजे शिवी, गाढवाची शिवी. मला दुसरं रूप जास्त आवडतं, कारण दगडाचं काम काय ते त्यात कळतं. तुम्ही कुठलंही वापरा, फक्त ‘गधेगड’ लिहू नका, तो किल्ला नाही. बाई म्हणजे भूमी आणि गाढव म्हणजे उजाडपणा, गाढवाचा नांगर फिरवतात तसा, असंही एक मत आहे. मत म्हणून ठीक. पण ज्या लेखांत शिवी शब्दांत लिहिली आहे तिथे आई आईच आहे. आणि हे सगळं एका बाईच्या अंगावर कोरलंय ही गोष्ट गोड करून सांगायची गरज नाही. फेरीत लहान मुलं असली की संयोजक मला कानात सांगतात, “तो दगड सोडा.” मी सोडत नाही. मुलांना सांगतो, राजाने दिलेली जमीन कुणी बळकावू नये म्हणून दगडावर घाणेरडी शिवी कोरली आहे. मुलं हसतात, त्यांना लगेच कळतं. खोकतात ते पालक.

ओळखण्यापलीकडे हा फरक मला इतका का टोचतो, तर सगळा प्रश्न जागेचा आहे. वीरगळ हलवला तर नुकसान होतंच. वीर कुठे पडला, दगड कुणी कुठे उभारला ही माहिती जाते. पण कीर्तीचा दगड देवळाच्या ओट्यावरही काही ना काही सांगत राहतो. गधेगळ म्हणजे दगडी सातबारा. ‘हे शेत’, ‘ही बाग’, ‘या ओढ्यापासून त्या वाटेपर्यंत’ असं तो ज्या जागी उभा राहून म्हणतो ती जागाच त्याचा अर्धा मजकूर असते. त्याला उचलून चौथऱ्यावर बसवलं की उरतं फक्त गाढव. आणि नेमका हाच उद्योग वारसा सप्ताहात जोरात चालतो. ट्रॅक्टर येतो, दोर येतात, ‘वीरगळाची सन्मानपूर्वक प्रतिष्ठापना’ होते, खाली सिमेंट, वर ऑइलपेंट, आणि उद्घाटनाला नगरसेवक. त्यांना तो वीर वाटतो, म्हणून त्याला उन्हातान्हात बांधावर ठेवणं अपमान वाटतं. घोटाळा शब्दांचा असता तर मी गप्प बसलो असतो.

दगड सापडला तर जिथे आहे तिथेच ठेवा, चारही बाजूंनी फोटो काढा, एक फोटो दुरून घ्या म्हणजे झाड, ओढा, देऊळ असं काहीतरी चौकटीत येईल, आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा तहसीलदाराला कळवा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून पीठ, खडू, हळद चोळू नका. उन्हं कलली की जा, नाहीतर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा. सपाट वाटणाऱ्या पाटीवर अक्षरांच्या सावल्या उभ्या राहतात. दुपारी बाराला निघणाऱ्या फेऱ्या मला म्हणूनच पटत नाहीत. बाराच्या उन्हात गाढव काय, हत्ती दिसणार नाही. भिवंडीजवळ लोनाडच्या बाजूला जाणार असाल तर चौधरपाड्याच्या, शिलाहार राजा केशिदेवाच्या लेखाबद्दल आधी वाचून जा. शके ११६१ चा आहे, इसवी सन १२४० च्या सुमाराचा. दानलेख कसा बोलतो ते एकदा कानात बसलं की पुढचे दगड सोपे जातात.

मागे अशाच एका फेरीत खाडीपलीकडच्या एका गावात बांधावरचा दगड बघत होतो. आम्ही तिशीपस्तिशीचे आणि चाळिशीचे पंधराएक जण. एकजण वीरगळ म्हणाला, दुसरी सतीशिळा म्हणाली, तिसऱ्याने फोनवर शोध सुरू केला. तळ गवतात होता. एक आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन वाटेने येत होत्या, आमचा घोळका बघून थांबल्या. एकाने विचारलं, “आजी, हा कुठल्या वीराचा दगड?”

आजींनी भारा सावरला. “वीर कुठचा? त्या दगराला गाली हाय. सासरे सांगाचे, कोनी हलवाचा नाय त्याला.”

आणि गेल्या.